मॅन्युअल वाचा म्हणे!

नव्या गाडीतलं काही कळेनासं झालं की एक ठरलेलं उत्तर मिळतं. शोरूममधला मुलगा देतो, सर्व्हिस सेंटरचा सल्लागार देतो, गाड्यांवर लिहिणारे-बोलणारे तज्ज्ञ देतात आणि घरातला इंजिनिअर भाचाही देतो: मॅन्युअल वाचलं नाहीत ना? त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. गाडी आता चाकांवरचा संगणक झाली आहे. एसी दोन बाजूंना दोन तापमानं देतो, सीटमधून गार हवा येते, टायरमधली हवा पडद्यावर दिसते, स्वतःच्या दुखण्याखुपण्याची खबर गाडी स्वतःच देते. शिकायचा कंटाळा लोकांना. म्हणून ते पिवळा दिवा बघून घाबरतात, लाल दिवा बघूनही पुढे रेटतात आणि काचेवर वाफ धरली की फडकं शोधतात. दोष ड्रायव्हरचा.

हे ऐकून आपल्यातले पुष्कळजण ओशाळतात. मॅन्युअल खरोखरच वाचलेलं नसतं. पण ओशाळण्याआधी हा आरोप किती जुना आहे आणि तो एकदा कसा साफ खोटा पडला, हे पाहण्यासारखं आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-17 बॉम्बर विमानं धावपट्टीवर सुखरूप उतरायची आणि उतरल्यावर पोटावर बसायची. वैमानिक पंखांचे फ्लॅप मिटायला हात घालायचा आणि मिटायची चाकं. चौकशीत ठपका यायचा वैमानिकाच्या चुकीचा. अल्फॉन्स चापानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये बसून पाहिलं, तर दोन्ही खटके दिसायला सारखे आणि शेजारीशेजारी. सी-47 विमानात खटक्यांची मांडणी वेगळी होती आणि तिथे ही चूक होत नव्हती. चापानिसने चाकांच्या खटक्यावर छोटं रबरी चाक बसवलं, फ्लॅपच्या खटक्यावर पाचरीसारखा तुकडा. दमलेल्या हाताला अंधारातही फरक कळू लागला. हे वैमानिक काही आळशी नव्हते. त्यांनी पुस्तकं वाचलेली होती, परीक्षा दिलेल्या होत्या, जीव पणाला लावलेला होता. तरी हात चुकत होता, कारण मांडणीच चुकवणारी होती.

मोटारीच्या दुनियेतही याचे दाखले आहेत. फोर्डमधले जिम मॉयलन 1986 साली पेट्रोल भरायला गेले, टाकीचं झाकण निघालं गाडीच्या पलीकडच्या बाजूला, आणि बाहेर पाऊस. भिजून परतलेल्या या माणसाने कंपनीला एक छोटा प्रस्ताव लिहिला: पेट्रोलच्या काट्याशेजारी एक बाण काढा, झाकण ज्या बाजूला त्या बाजूला टोक. 1989 च्या मॉडेलांपासून तो बाण आला आणि आज जवळपास सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत आहे. दुसरा दाखला मर्सिडीजचा. तिच्या दारावर सीट हलवायचे खटके सीटच्याच आकाराचे असतात. पाठ मागे न्यायची तर पाठीचा तुकडा मागे ढकला, बैठक उचलायची तर बैठकीचा तुकडा वर उचला. डिझाइनचे अभ्यासक डॉन नॉर्मन यांनी 1988 च्या आपल्या पुस्तकात या खटक्यांचं कौतुक केलं, ते उगाच नाही. इतकी गुंतागुंतीची सोय, आणि समजावून सांगायला एक वाक्यही लागत नाही. ज्या सोयीसाठी मॅन्युअलची चार पानं खर्ची पडतात, तिथे नापास कोण झालं, वाचणारा की आखणारा?

आता आपल्याकडच्या पावसाकडे येऊ. इथेच हे सगळं प्रकरण चैनीचं न राहता जिवाशी येतं.

जुलै महिना, आंबोली किंवा ताम्हिणी, गाडीत पाच माणसं, निम्मी भिजलेली. घाट चढता चढता पुढची काच धुरकट होऊ लागते. ही वाफ आतून धरली असेल तर उपाय असा: वाऱ्याचा झोत काचेवर, एसी चालू, आणि हवा बाहेरची. एसी हवा कोरडी करतो, म्हणून थंडी वाजत असली तरी तो लागतो. आतलीच हवा फिरवत ठेवली तर माणसांच्या श्वासाचा आणि ओल्या कपड्यांचा दमटपणा काचेवरच जाऊन बसतो. पण कोकणात खाली उतरलात की खेळ उलटतो. बाहेर ऊबदार दमट हवा, आत काचेवर एसीचा गार झोत. मग वाफ काचेच्या बाहेरच्या अंगाला धरते. आता तोच झोत काचेवरून काढायचा, गारवा कमी करायचा आणि वायपर मारायचा. म्हणजे एकाच दिसणाऱ्या दुखण्यावर दोन उलट औषधं, आणि कुठलं द्यायचं ते ठरवायला समोर वळण असताना एखाददुसरा सेकंद. जुन्या गाडीत तीन फिरक्या असायच्या: झोत कुठे, वारा किती, गारवा किती. शेजारी आतली-बाहेरची हवा बदलणारी सरकती पट्टी. हाताला त्यांच्या जागा पाठ होत्या. आतून वाफ की बाहेरून, हे माणूस फिरवून पाहून ठरवायचा, नजर वळणावर ठेवून.

आता हीच फिरकी कित्येक गाड्यांत काचेच्या पडद्याआड गेली आहे. आधी नकाशा बाजूला सारा, मग हवेचं पान उघडा, मग झोताचं चित्र शोधा, मग त्यावर नेमकं बोट टेकवा. घाटात गाडी उडते, बोट सरकतं, गाणं बदलतं. काचेवरची वाफ काढायचं एक बटण तेवढं पुष्कळ कंपन्यांनी बाहेर ठेवलं आहे, त्याबद्दल आभार. पण बाहेरून धरलेल्या वाफेवर तेच बटण दाबलं तर काच आणखी पांढरी होते, आणि मग माणूस पडद्यावर खाली मान घालून बसतो.

किती वेळ मान खाली? स्वीडनमधल्या ‘वी बिलॅगरे’ या मासिकाने 2022 मध्ये हे मोजलं. ताशी 110 किलोमीटर वेगाने जाताना सीट गरम करणं, रेडिओ लावणं, डॅशबोर्डचा उजेड कमी करणं अशी साधी कामं चालकाला करायला सांगितली. 2005 सालच्या व्होल्व्हो व्ही70 मध्ये, जिथे सगळं बटणांवर होतं, ही कामं 10 सेकंदांत झाली; तोवर गाडी 306 मीटर गेली होती. एमजीच्या मार्व्हल आर या नव्याकोऱ्या विजेरी गाडीत लागले 44.6 सेकंद आणि 1372 मीटर. चालकांना चाचणीआधी त्या त्या गाडीची ओळख करून घ्यायला वेळ दिलेला होता. म्हणजे मॅन्युअलवाल्यांची अटही पुरी झाली होती.

आणि चूक झाली की पुन्हा ठपका चालकावरच. जर्मनीत एकाने भर पावसात आपल्या टेस्लाच्या वायपरचा वेग बदलायला पडद्याकडे पाहिलं आणि गाडी रस्ता सोडून झाडांवर गेली. 2020 मध्ये कार्ल्सरूहच्या वरिष्ठ न्यायालयाने त्याचा 200 युरो दंड आणि महिनाभर गाडी चालवायची बंदी कायम केली, कारण पडद्यात असं डोकावणं म्हणजे मोबाइल हाताळण्यासारखंच. न्यायालय कायद्याला धरूनच होतं. पण वायपरचा वेग जिथे पडद्यातच नेऊन ठेवला आहे, तिथे पावसात चालकाने करायचं काय, याचं उत्तर त्याच्या पावतीवर लिहून मिळालं नसेल.

‘शिकवलं की येतं’ या मुद्द्यालाही एक उत्तर आहे, आणि ते नौदलाकडून आलेलं आहे. अमेरिकेची ‘जॉन एस. मॅकेन’ ही युद्धनौका ऑगस्ट 2017 मध्ये सिंगापूरजवळ एका तेलवाहू जहाजाशी धडकली आणि 10 नौसैनिक गेले. अपघाताची कारणं अनेक होती. सुकाणू आणि वेगाचं नियंत्रण टचस्क्रीनवर असल्याने झालेला गोंधळ त्यात ठळक होता; प्रशिक्षण अपुरं होतं असंही चौकशीत निघालं. पण नौदल ‘पोरांना नीट शिकवा’ एवढ्यावर थांबलं नाही. 2019 मध्ये त्यांनी वेगनियंत्रणासाठी हाताने ढकलायचे दांडे परत बसवायचं ठरवलं. लष्करी शिस्तीतल्या माणसांच्या बाबतीत ज्यावर विसंबता येत नाही, त्यावर शनिवारी सहकुटुंब गणपतीपुळ्याला निघालेल्या माणसाने विसंबावं अशी अपेक्षा आहे.

यावर आवाजी आज्ञांचं घोडं पुढे केलं जातं: बोट कशाला लावता, बोला ना गाडीशी. टपावर पाऊस बडवत असताना, मागे मुलं भांडत असताना, आपल्या मराठी वळणाच्या इंग्रजीत बोलून पाहावं एकदा. गाडी विनम्रपणे सांगते की तिला समजलं नाही. फिरकीला उच्चार चालतात सगळे.

मग पडद्याचा एवढा सोस का? खरं कारण मॅन्युअलमध्ये सापडणार नाही. प्रत्येक बटणाला साचा लागतो, तार लागते, जोडणी लागते, चाचणी लागते. पडदा एकदा बसवला की सगळं त्यात कोंबता येतं आणि शोरूममध्ये तो दिमाखदार दिसतो. शिवाय पडद्यातली सोय नंतर कुलूपबंद करता येते. बीएमडब्ल्यूने 2022 मध्ये काही देशांत गरम सीटसाठी महिन्याचं भाडं लावून पाहिलं. सीटच्या आत तारा आधीच बसवलेल्या, गाडीच्या किमतीत दिलेल्या. भाडं फक्त त्या चालू करायचं. लोक खवळले, आणि 2023 मध्ये कंपनीने तो नाद सोडला. पडदा बिघडला तर काय होतं तेही दिसलेलं आहे. 2021 मध्ये टेस्लाला सुमारे 1 लाख 35 हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पडद्यामागची मेमरी चिप झिजून संपत होती, आणि पडदा गेला की मागचा कॅमेरा जायचा, काचेवरची वाफ काढायची सोयही जायची. एका चिपपायी काच धुरकट! फिरकी बिघडली असती तर एक फिरकी बिघडली असती.

आता डॅशबोर्डवरच्या दिव्यांकडे वळतो. इथे तज्ज्ञांचं म्हणणं अधिक ठासून असतं: गाडी स्पष्ट सांगते, तुम्हीच ऐकत नाही.

स्पष्ट? इंजिनाच्या चित्राचा तो पिवळा दिवा घ्या. अमेरिकेत टाकीचं झाकण सैल राहिलं तरी तो लागतो, सेन्सर खराब झाला तरी लागतो, धूर स्वच्छ करणारा उत्प्रेरक निकामी झाला तरी लागतो. तो लुकलुकू लागला तर अर्थ आणखी वेगळा: एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटत नाहीये, ते न जळताच सायलेन्सरच्या वाटेने जाऊन उत्प्रेरक तापवून जाळतंय, वेग कमी करा. शेकडो दुखणी आणि चेहरा एक. यातली संतापजनक बाब अशी की गाडीला नेमकं दुखणं ठाऊक असतं. तिच्या संगणकात पी0302 असा कोड नोंदलेला असतो, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये गडबड. स्टिअरिंगखालच्या खोबणीत हजार रुपयांच्या आतबाहेरचं ब्लूटूथ यंत्र खोचलं तर मोबाइलवर तो कोड दिसतो. नाक्यावरच्या गॅरेजवाल्याकडेही ते असतं. मग जो भलामोठा पडदा गायकाचा फोटो दाखवतो, बाहेरच्या हवामानाचे ढग दाखवतो, त्याला हे एक वाक्य दाखवायला काय होतं? लोक घाबरतील, असं सांगतात. अर्थशून्य दिव्याने लोक अधिक घाबरतात, आणि घाबरलेला माणूस सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातो. हा हिशोब कुणाला कळत नाही असं नाही.

तेलाच्या झारीचा लाल दिवा याहून घातक. तो लागला की बहुतेकांना वाटतं, तेल कमी झालं, पुढच्या पंपावर टाकू. वास्तविक लाल झारी तेलाचा दाब गेल्याचं सांगते. त्या क्षणी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करायचं असतं, कारण पुढचे दोन-चार किलोमीटर इंजिनाच्या जिवावर बेततात. काही गाड्यांत तीच झारी पिवळी असते आणि तिथे अर्थ खरोखर पातळी कमी एवढाच. लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवा, हिरवा-निळा म्हणजे काहीतरी चालू आहे, हा संकेत जगभर सारखा आहे आणि तो प्रत्येकाने शिकलाच पाहिजे. इथे मी तज्ज्ञांच्या बाजूने आहे. पण संकेत पाळायची जबाबदारी दोन्हीकडची. टेस्लाने ब्रेकचे, पार्किंगचे इशारे पडद्यावर इतक्या बारीक अक्षरांत दिले होते की अमेरिकी नियमातली 3.2 मिलिमीटर उंचीही भरत नव्हती. 2024 च्या सुरुवातीला जवळपास 22 लाख गाड्यांसाठी त्यांना ही दुरुस्ती जाहीर करावी लागली. बावीस लाख गाड्यांचे मालक दृष्टिदोषाचे असतील, असं कुणी म्हणालं नाही एवढं नशीब.

आणि काटा कुठे गेला? इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा अनेक छोट्या गाड्यांतून काढून टाकला आहे. त्याजागी निळा दिवा, इंजिन गार असल्याचा, आणि लाल दिवा, ते उकळल्याचा. मधलं काही नाही. मे महिन्यात भरलेली गाडी घेऊन घाट चढणाऱ्याला काटा वर सरकताना दिसायचा. तो एसी बंद करायचा, वळणावर सावलीत थांबायचा. दिवा ही सवड देत नाही. ज्या गाड्यांत काटा आहे त्यांतल्या कित्येकांत तो मुद्दाम मधोमध रोखून ठेवलेला असतो, तापमान बरंच वरखाली झालं तरी हलत नाही, ग्राहकाने उगाच विचारपूस करू नये म्हणून. हे अज्ञान कंपनीने पैसे घेऊन विकलेलं आहे. त्यासाठी ग्राहकाला बोल लावणं म्हणजे शुद्ध निगरगट्टपणा.

डिझेलवाल्यांचा प्रकार तर दुहेरी. प्रदूषणाचे बीएस-6 नियम आल्यापासून, म्हणजे एप्रिल 2020 पासून, डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारी गाळणी असते. ती भरली की तापवून जाळावी लागते, आणि त्यासाठी गाडी चांगल्या वेगाने पंधरा-वीस मिनिटं सलग पळावी लागते. सिंहगड रोडवरून हिंजवडीला रोज रांगत जाणाऱ्या गाडीच्या नशिबी हे कुठून? दिवा लागतो, संदेश येतो, माणूस सर्व्हिस सेंटरला जातो, तिथे ऐकवलं जातं की तुम्ही गाडी हायवेला काढत नाही. गाडी विकताना हा प्रश्न कुणी विचारला होता? रोजचं जाणं-येणं किती, हे विचारलं असतं तर डिझेल विकली गेली नसती.

मॅन्युअल, मॅन्युअल म्हणतात, तर त्याचंही एकदा दर्शन घेऊ. चारशे-पाचशे पानांचा ठोकळा, सगळ्या व्हेरिएंटना मिळून एकच. पानोपानी ‘ही सोय असल्यास’. आपल्या गाडीत ही सोय आहे का, हे मालकाने मॅन्युअल वाचून ओळखायचं की बटण शोधून? आता तर छापील पुस्तकाऐवजी क्यूआर कोड हातात ठेवतात. भाषा बहुतेक वेळा इंग्रजी, पडद्यावरचे संदेशही इंग्रजी. आणि गाडी चालवतो कोण? महाराष्ट्रात लाखो गाड्या पगारी ड्रायव्हर चालवतात, टुरिस्ट परमिटवाले चालवतात. मॅन्युअल मालकाच्या घरी ड्रॉवरमध्ये, आणि रात्री अडीचला कशेडीत इंग्रजी संदेशासमोर बसलेला असतो तो ड्रायव्हर. ज्या कंपन्या जाहिरात चोख मराठीत करतात, त्यांना चार डझन इशारे मराठीत लिहायला जड जावं?

चालकांचे गुन्हे मी झाकत नाही. पट्ट्याचा आवाज बंद करायला खोटी क्लिप खोचणारे लोक आहेत, आणि ते थोडे नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या आदेशानंतर 2023 मध्ये पाच ऑनलाइन बाजारांवरून अशा क्लिपांच्या 13,118 जाहिराती उतरवाव्या लागल्या. याला मांडणी जबाबदार नाही, हा निव्वळ आडमुठेपणा आहे. धुक्यात, पावसात चारही इंडिकेटर लावून घाट उतरणारे महाभागही आहेत. मग ते वळणार कुठे हे मागच्याला कळत नाही. पण इशाऱ्यांची किंमत कुणी उतरवली, तेही पाहा. जुलै 2019 पासून प्रत्येक नव्या मोटारीला ताशी 80 च्या वर अधूनमधून आणि 120 च्या वर सतत वाजणं सक्तीचं झालं. मुंबई-पुणे द्रुतगतीच्या सपाटीवर मोटारीला 100 ची मुभा, समृद्धीवर 120 ची. म्हणजे नियमाने चालणाऱ्याच्याही कानाशी गाडी नागपूरपर्यंत टिंगटिंग करत राहते. जो इशारा कायदा पाळणाऱ्यावरही वाजतो, तो कानाआड करायची सवय लागते, आणि मग खऱ्या इशाऱ्याचीही तीच गत होते.

शेवटचा बचाव बाजाराचा: लोकांना मोठा पडदाच हवा, म्हणून आम्ही देतो. लोक पडदा बघतात शोरूममध्ये, गाडी उभी असताना. ट्रायल होते कोरड्या रस्त्यावर, दहा-पंधरा मिनिटं, एसी आधीच लावून दिलेला, शेजारी बोलणारा सेल्समन. पावसातल्या घाटाची ट्रायल कुणी देत नाही. जिथे लोकांनी गाड्या वापरून पाहिल्या तिथे बाजाराचा कौल उलटा गेलाय. फोक्सवॅगनने स्टिअरिंगवरची स्पर्शाची बटणं काढून दाबायची बटणं परत आणली. आवाज, तापमान, पंखा आणि धोक्याचे दिवे यांसाठी खरी बटणं देणार, असं त्यांच्या डिझाइनप्रमुखांनी 2025 मध्ये जाहीर केलं. गाड्यांची सुरक्षितता तपासून तारे देणाऱ्या युरोपातल्या युरो एनकॅपने 2026 पासून गुणांच्या पद्धतीत इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि मदतीची हाक या पाच कामांना खरं बटण किंवा दांडा मागितला आहे. काचेवरची वाफ त्यांच्या यादीत नाही. त्यांना कोकणचा पाऊस ठाऊक नाही.

आपल्याला आहे. ऑक्टोबर 2023 पासून आपलाही भारत एनकॅप तारे वाटतो आहे, मुख्यतः टक्कर झाल्यावर आतली माणसं किती वाचतात ते पाहून. त्यात झोत, वारा आणि गारवा या तीन कामांना हाताने चाचपून सापडणारी फिरकी असावी, आणि प्रत्येक पिवळ्या-लाल दिव्यासोबत कोड, पुढे किती जाता येईल आणि आत्ता काय करायचं, ही माहिती चालकाने निवडलेल्या भाषेत पडद्यावर यावी, एवढ्या दोन अटी घालायला परदेशी तंत्रज्ञान आणावं लागत नाही. ते होईपर्यंत ट्रायलला जाणाऱ्यांनी एक करावं. सेल्समनला स्टिअरिंगवर बसवावं, गाडी चालू रस्त्यावर घ्यायला लावावी, आणि समोरून नजर न काढता वाऱ्याचा झोत पायांवरून काचेवर घ्यायला सांगावं.